उद्योगाच्या अंकुरास वडीलकीची सावली

नवा कारखानदार केवळ कसबाच्या उणिवेने खचतो, असे नाही. १९१० साली बेळगावहून कारखाना हलविणे भाग पडले, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांजवळ लोखंडी नांगर होता, कारागिरी होती. नव्हती ती पाय रोवण्यास जागा. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळील माळ दिला व कर्जाऊ रक्कमही दिली. त्यातूनच किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर स्थापन होऊन विखुरलेल्या व्यापाऱ्यांना व कारखानदारांना एक व्यासपीठ लाभले.

आपल्या ज्ञातीतील अनुभवी व्यावसायिकांनी यावरून बोध घ्यावा. होतकरू तरुणास देणगी नको. जागा, पत, पहिली मागणी आणि फळ येईपर्यंत धीर, एवढे दिले तरी पुष्कळ झाले.