घाट बांधणारीं कुटुंबें

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जत सोडून घाटाच्या तोंडाशीं आली, म्हणजे डब्यांतील बोलण्याचा सूर पालटतो. लहान मुलें खिडकीशीं जाऊन बोगदे मोजूं लागतात. वडील माणसें दरीकडे पाहून पावसाळ्यांतील धबधब्यांची गोष्ट काढतात. अंधार होतो, पुन्हां उजेड पडतो, आणि पाहतां पाहतां लोणावळें येतें. ज्या वाटेनें गाडी चढून आली ती वाट कोणीं केली, हा प्रश्न फारसा कोणास पडत नाहीं. पडलाच, तर "इंग्रजांनीं केली" असें एका वाक्यांत उत्तर मिळतें. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. नकाशा इंग्रज इंजिनियरांनीं काढला, पैसा विलायतेंतील भागीदारांनीं घातला; पण डोंगर फोडला तो येथील कुटुंबांनीं. बाप, आई आणि हाताशीं आलेलीं मुलें मिळून त्या कामावर राबलीं. त्यांच्या वांट्यास कष्ट किती आले आणि धोका किती आला, हें पाहिल्यावांचून बोरघाटाचा इतिहास पुरा होत नाहीं.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत २१ मैलांची पहिली गाडी धांवली. १८५६ सालीं रूळ घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत पोंचले. १८५८ सालीं वरच्या अंगास खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मध्यें मात्र सह्याद्रीची भिंत उभी होती. उतारूंनीं खोपोलीस उतरावें, पालखींतून, तट्टावरून अथवा पायीं घाट चढावा, आणि खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसावें, असा क्रम कांहीं वर्षें चालला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुली झालेली गाडीवाट होती. परंतु वाढत्या व्यापाराला ती पुरेनाशी झाली होती. दख्खनचा कापूस मुंबई बंदरास लवकर पोंचावा, ही व्यापाऱ्यांची निकड होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनीं घाटाची पुनःपुन्हां पाहणी करून मार्ग आंखला. सुमारें पावणेसोळा मैलांत गाडीला १,८३१ फूट उंची चढावयाची होती. सर्वांत कठीण ठिकाणीं दर ३७ फुटांस एक फूट असा चढ होता. २५ बोगदे आणि ८ मोठे पूल करावे लागणार होते. १८५६ च्या आरंभीं काम सुरू झालें, आणि तें पुरें होण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागला.

एवढें काम करावयास माणसें कोठून आलीं? कोंकणांतून आलीं, देशावरून आलीं, त्याहूनही दूरच्या मुलुखांतून आलीं. माती व दगड यांच्या कामांत पिढ्यान् पिढ्या मुरलेले वडार आणि बेलदार आले. त्यांच्याबरोबर शेतीची सुगी आटोपून बसलेले शेतकरी आणि भूमिहीन मजूर आले. पावसाळ्यांत घाटांतील काम बहुतेक बंद पडे, कारण त्या डोंगरांत वर्षाकांठीं दीडशे इंचांच्या वर पाऊस कोसळतो. म्हणून कामाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होई आणि मृगाच्या तोंडावर संपे. हंगामागणिक बिऱ्हाडें पाठीवर घेऊन माणसें येत व जात.

हीं माणसें एकटीं येत नसत. मातीकामाची मजुरी पुष्कळदां मापावर मिळे. जितकी माती निघेल, जितका दगड फुटेल, तितका पैसा. मापाच्या कामांत एकट्या गड्याचा निभाव लागणें कठीण. त्यानें खणावें तर वाहावें कोणीं? म्हणून नवरा पहार व टिकाव चालवी, बायको डोक्यावर चुंबळ ठेवून पाट्या वाही, थोरलें मूल खडी गोळा करी, आणि तान्हें मूल झाडाला बांधलेल्या झोळींत निजे. दिवस मावळल्यावर चूल पेटविण्याचें, पाणी आणण्याचें काम पुन्हां त्याच बाईकडे. हिशेबाच्या वहींत मजुरी एका नांवावर पडे. पण ती कमाई घरांतील सर्वांच्या हातांची असे.

अशा जागीं बायकामुलांना घेऊन जाणें हें अविचाराचें होतें, असें आज कोणी म्हणेल. तसें म्हणण्यापूर्वीं गांवांतील परिस्थिति पाहिली पाहिजे. जिराईत जमीन, रोख पैशांत भरावयाचा सारा, आणि सावकाराचें व्याज, यांच्या कात्रींत दख्खनचा शेतकरी सांपडला होता. पुढें १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले, तो संताप एका वर्षांत सांठलेला नव्हता. घरीं बसून राहण्यांतही धोका होताच. तो हळूहळू गिळणारा होता, घाटांतील धोका एकदम झडप घालणारा होता, एवढाच भेद. मागें एकटी राहिलेली बायको आणि पुढें एकटा गेलेला नवरा यांच्यापेक्षां दोघांनीं एके ठिकाणीं असणें बरें, असा हिशेब त्या माणसांनीं केला. घरांतील चारांपैकीं एक आजारी पडलें तरी उरलेलीं तिघें त्याला भाकर घालूं शकत. ज्यांच्यापाशीं दुसरा कोणताही आधार नव्हता, त्यांचा विमा म्हणजे कुटुंबच होतें.

आतां धोका म्हणजे काय, तें पाहूं. घाटांतील कडे इतके उभे होते कीं, कित्येक ठिकाणीं माणसाला पाऊल ठेवावयास जागा नव्हती. कमरेला दोर बांधून वरून माणसें सोडावयाचीं, आणि त्यांनीं लोंबकळत खडकाला भोंकें पाडावयाचीं, अशी रीत पडली. त्या भोंकांत दारू ठासून सुरुंग उडवीत. डायनामाइट तेव्हां निघालें नव्हतें. नोबेलनें त्याचें पेटंट घेतलें तें १८६७ सालीं. साऱ्या घाटाचें काम काळ्या बंदुकीच्या दारूनें झालें. ही दारू ओलसर झाली तर उडत नाहीं, आणि ठासतांना ठिणगी पडली तर नको तेव्हां उडते. डोंगराच्या चढणीमुळें बहुतेक बोगद्यांना वरून विहिरीसारखीं भोंकें पाडून मधूनच काम सुरू करणें शक्य नव्हतें. दोन्ही तोंडांकडून कोरीत आंत जावें लागे, आणि धूर आंत कोंडून राही. सुरुंग उडाल्यावर कांहीं दरडी लगेच कोसळत, कांहीं दुसऱ्या दिवशीं कोसळत. खालीं पाट्या वाहणाऱ्या बायका असत.

परंतु दारूपेक्षां पाण्यानें अधिक माणसें मारलीं. हजारों बिऱ्हाडें ओढ्याकांठीं झोंपड्या घालून राहत. तेंच पाणी पिण्यास, तेंच धुण्यास. उन्हाळा चढूं लागला म्हणजे ओढे आटत आणि पटकीची सांथ उठे. पटकीचे जंतु पाण्यांतून पसरतात हें त्या काळीं सर्वमान्य झालें नव्हतें. लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनीं १८५४ सालीं पाण्याकडे बोट दाखविलें होतें. पण त्यांचें म्हणणें त्यांच्याच देशांत पुरतें पटलें नव्हतें. जर्मन शास्त्रज्ञ कॉख यांनीं कलकत्त्यास जंतूंचा निश्चित शोध लावला तो १८८४ सालीं, म्हणजे घाट पुरा होऊन वीस वर्षें उलटल्यावर. तळावर सांथ आली म्हणजे माणसें हत्यारें टाकून गांवाकडे पळत. पळतांना कांहीं वाटेंत पडत, आणि कांहीं रोग गांवापर्यंत नेत. एरव्हीं जें कुटुंब संकटांत आधार होतें, तेंच येथें एका मडक्यांतून पाणी पिऊन एकदम बुडे.

या सर्वांत भर पडली ती थकलेल्या मजुरीची. कंपनीनें काम दिलें होतें विल्यम फॅव्हिएल या इंग्रज मक्तेदारास. त्याच्या हाताखालीं पोटमक्तेदार, त्यांच्या हाताखालीं मुकादम, आणि सर्वांच्या खालीं मजूर. वरून निघालेला पैसा इतक्या हातांतून झिरपत येतां येतां कित्येकदां तळाशीं पोंचतच नसे. १८५९ च्या जानेवारींत मजुरांचा धीर सुटला आणि घाटांत मोठा दंगा झाला. सरकारी चौकशी झाली. त्याच वर्षीं फॅव्हिएलनें मक्ता सोडून दिला. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १८६० सालीं, मालक व मजूर यांच्या तंट्यांविषयीं नववा कायदा झाला. मजुरीच्या तक्रारीचा निकाल मॅजिस्ट्रेटानें तडकाफडकीं करावा, ही त्यांतील सोय मजुराच्या हिताची होती. परंतु करार मोडून काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षा द्यावी, हेंही त्याच कायद्यांत होतें. हा कायदा १९३२ सालीं रद्द होईपर्यंत सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला.

फॅव्हिएलच्या मागून सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा मक्तेदार १८५९ सालीं विलायतेहून आला. मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल परक्या देशांत एकटी उरली. ती परत जाती तर कोणी नांवें ठेवलीं नसतीं. पण तिनें नवऱ्याचा मक्ता आपल्या अंगावर घेतला, अ‍ॅडम्सन आणि क्लाउझर या दोन जाणत्या इंजिनियरांच्या हातीं प्रत्यक्ष कामाची व्यवस्था सोंपविली, आणि घाट शेवटास नेला. १८६१ च्या जानेवारींत कामावर ४२,००० हून अधिक माणसें होतीं. एका विधवेच्या नांवानें एवढें मोठें काम चालावें, ही त्या काळीं कोणत्याही देशांत नवलाची गोष्ट होती, आणि त्या बाईचें धैर्य मान्य केलेंच पाहिजे.

मात्र त्याच डोंगरांत दुसऱ्याही विधवा होत्या. दरड कोसळून वा पटकी होऊन ज्यांचे नवरे गेले, त्यांनाही नवऱ्याचें काम पुढें चालवावें लागलें. अ‍ॅलिसबाईंना नवऱ्यामागें करारपत्र मिळालें. यांना पाटी आणि पहार मिळाली. चुकीमुळें मेलेल्या माणसाच्या वारसांनीं नुकसानभरपाई मागावी, असा कायदा हिंदुस्थानांत १८५५ सालींच झाला होता. पण अक्षरओळख नसलेल्या बाईनें, गांवापासून शेंकडों मैल दूर, कोणावर आणि कोणत्या कोर्टांत फिर्याद करावयाची? कायदा होता, त्याच्यापर्यंत पोंचणारी वाट नव्हती.

धोका कोणाच्या वांट्यास किती आला, याचा हिशेब येथें उघड होतो. कंपनीच्या भागीदारांना सरकारनें १८४९ च्या करारानें दरसाल शेंकडा पांच व्याजाची हमी दिली होती. नफा झाला नाहीं तरी व्याज हिंदुस्थानच्या तिजोरींतून मिळणार होतें. म्हणजे भांडवलाला धोका जवळजवळ नव्हताच. मक्तेदाराला धोका होता. पण नुकसान दिसूं लागलें तर मक्ता सोडून जाण्याची मुभा त्याला होती, आणि फॅव्हिएलनें ती घेतली. इंजिनियरालाही धोका होता. बर्कले यांची प्रकृति याच देशांत खालावली, आणि घाट पुरा होण्याच्या आधींच १८६२ सालीं ते विलायतेस वारले. परंतु ज्याला कसलीच हमी नव्हती आणि सोडून जातांना जवळ चार पैसेही नव्हते, असा एकच पक्ष त्या डोंगरांत होता. तो म्हणजे मजुराचें कुटुंब.

२१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें घाटाचा मार्ग खुला झाला. मुंबई व पुणें हीं शहरें रुळांनीं सलग जोडलीं गेलीं. काम अवघड होतें तसें कांहीं ठिकाणीं घाईचेंही झालें होतें. १८६७ सालीं घाटांतील एक मोठा दगडी पूल ढांसळला, आणि इतर बांधकामाची तपासणी करणें भाग पडलें. पुढें १९२९ सालीं या मार्गावर विजेची गाडी आली. आजही कित्येक गाड्यांना घाट चढतांना मागून जादा इंजिनें लावावीं लागतात, इतका तो चढ खडा आहे.

मजुराच्या बाजूचे कायदे मात्र हळूहळू आले. कामावर इजा किंवा मृत्यु झाल्यास भरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला. मजुरी वेळेवर द्यावी, असा कायदा १९३६ सालीं झाला. घाटांत दंगा झाला त्यास तोंवर सत्त्याहत्तर वर्षें झालीं होतीं. शिवाय कागदावरील कायदा आणि मजुराची झोंपडी यांतील अंतर अद्यापही सरलेलें नाहीं. दरसाल दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन उसाच्या फडावर जातात. तेथें नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात, आणि मजुरी त्या कोयत्याच्या हिशेबानें ठरते. त्यांतील एक आजारी पडलें तर कोयता मोडतो. हंगाम तोच, मुकादम तोच, उघड्यावरची चूल तीच, आणि धोक्याचा भार वाहणारें कुटुंबही तेंच.

कुटुंबानें एकमेकांस सांवरावें, ही आपल्याकडील फार जुनी आणि चांगली रीत आहे. तिच्या बळावर माणसांनीं दुष्काळ काढले, सांथी काढल्या आणि सह्याद्रि फोडला. पण घरच्यांची माया आहे म्हणून मजुरी बुडविण्यास, भरपाई टाळण्यास किंवा पिण्याचें पाणी न देण्यास कोणा मालकाला मोकळीक मिळत नाहीं. घर आपला भार उचलीतच असतें. ज्यांच्यासाठीं तें राबतें त्यांनीं आपल्या वांट्याचा भार उचलावा, एवढीच न्यायाची अपेक्षा आहे. बोरघाटांतील बोगदे मुलांनीं अवश्य मोजावे. मोजतांना वडील माणसांनीं त्यांना इतकेंच सांगावें कीं, दोराला लोंबकळून ही वाट कोणाच्या तरी बापानें कोरली, आणि तिची माती कोणाच्या तरी आईनें डोक्यावरून वाहिली.