जुना वाडा पाडण्याआधी



कोकणातल्या सावंतवाडीत राजवाड्याच्या आवारातला जुना ताईसाहेब वाडा दुरुस्त करून आता पाहुण्यांना राहायला देतात. खोल्या तिथल्याच गंजिफा कलेने सजवल्या आहेत. हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची ही कला संपत आली होती. राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यातच कारागीर बसवून जगवली.

आपल्या लातूर-नांदेडकडे मात्र जुन्या दगडी घरात झोपायचं म्हटलं की काळजात धस्स होतं. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी, दशलक्षण पर्वाची सांगता झाली आणि ३० च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं दगड-मातीखाली गेली. पण दोष घराच्या वयाचा नव्हता. मातीत रचलेल्या जाड भिंतींचे दोन पदर सुटले आणि माळवदाचं ओझं अंगावर आलं. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या राहिल्या. म्हणूनच माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, असे उपाय जाणकारांनी सांगितले.

मंदिराच्या जीर्णोद्धाराचं पुण्य आपण मोठं मानतो. सासरचा वाडा पाडायचं ठरवण्याआधी तोही एकदा इंजिनिअरला दाखवा.