डब्यावरच्या रंगीत चौकोनाची हकीकत

कीटकनाशकाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा असलेला रंगीत चौकोन तुम्ही पाहिलाच असेल. तो शोभेसाठी नाही. त्यामागं मोठी हकीकत आहे.

१९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ व तेव्हाच्या मद्रास राज्यात विषबाधेनं शंभरावर माणसं दगावली. परदेशातून आलेलं गव्हाचं पीठ आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक एकाच जहाजातून आलं होतं. विष गळून पिठात मुरलं. चौकशी झाली. पुढं १९६८ साली कीटकनाशक कायदा व १९७१ साली त्याचे नियम आले. अन्नधान्याला वा पशुखाद्याला लागेल अशा रीतीनं कीटकनाशक नेण्यास व साठवण्यास मनाई झाली. चौकोनाचा खालचा रंग विषाचा जोर सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे बिनधोक, असं मात्र समजू नका.

तेव्हा माल गाडीत चढवण्याआधी प्रत्येक डबा फिरवून पाहा. लेबल शाबूत आहे का? बूच ओलं तर नाही ना? गळका डबा घेऊच नका. पेंडीचं पोतं त्याच गाडीत टाकू नका. एक खेप जास्त पडली तरी पडू द्या.