आपद्धर्म आणि नित्यधर्म : यकृताच्या पथ्याचा इतिहास

आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि मी वैद्य नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही तर्कशास्त्र जास्त. म्हणून आधीच सांगून ठेवतो, आजचं ऐकून घरच्या कुणाच्या ताटात काही बदल करायचा असेल तर अगोदर त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मी सांगणार आहे तो एका बंदीचा इतिहास आहे. आणि हा विषय मी का घेतला, त्याला एक घरचं कारण आहे.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, 1989 मध्ये आजारी पडले. सिरोसिस. हा शब्द उच्चारला की लोक आधी हळूच विचारतात, "घ्यायचे का?" अण्णांनी कधी थेंबाला हात लावला नाही. त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. एके सकाळी त्यांनी शर्टाची बटणं वरखाली लावली, मला वडिलांच्या नावानं हाक मारली आणि दुपारपर्यंत त्यांना उठवता येईना. रुग्णालयात नेलं, चार-पाच दिवसांत शुद्ध आली. घरी पाठवताना एक कागद मिळाला : डाळी, दूध, अंडी, पनीर बंद. वहिनींनी तो फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. तीन वर्षं तो तिथे होता. अण्णांना वरणाचं नुसतं वरचं पाणी, भात, साबुदाण्याची खीर, तीही पाण्यातली. त्यांचं पोट पाण्यानं भरलेलं, दंड मात्र काठीसारखे झाले. काट्यावर वजन तेवढंच दिसायचं, कारण जितकं मांस गेलं तितकं पाणी साठलं होतं. 1992 मध्ये ते गेले. पथ्यामुळे गेले असं मी म्हणत नाही, त्यांचा आजार मोठाच होता. पण वर्गात पोरांना "या विधानाची व्याप्ती किती?" असं विचारणाऱ्या मला त्या कागदाबद्दल एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की हे किती दिवसांसाठी?

आता हा कागद आला कुठून, ते पाहू.

आपल्याकडून आला नाही हे नक्की. कावीळ झाली की हळद नको, तेल-तूप नको, उसाचा रस प्या, हे आपल्या आज्या सांगत. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात उदररोगाचं पथ्य आहे. उदर म्हणजे आजचं सिरोसिस असं समीकरण मांडणं चूक आहे, पोट फुगण्याचे अनेक आजार त्यात येतात. तरी जलोदराचं पाणी काढल्यावर रोग्याला सहा महिने दुधावर ठेवा, मग दुधातली पेज, मग हलकं धान्य दुधाबरोबर आणि तेही अळणी, असा तिथला क्रम आहे. म्हणजे मीठ बंद, दूध चालू. अण्णांच्या कागदाच्या बरोबर उलट.

त्या कागदाचं मूळ रशियात आहे. 1877 मध्ये निकोलाय एक नावाच्या शल्यवैद्यानं आठ कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी जी मोठी शीर असते, पोर्टल व्हेन, ती त्यानं थेट शरीराच्या मुख्य शिरेला जोडली. म्हणजे जेवणातून येणारं रक्त यकृताला वळसा घालून जाणार. सात कुत्री थोड्याच दिवसांत मेली. आठवं जगलं आणि एके दिवशी पळून गेलं! पुढे पाव्हलोव्ह, तोच, घंटी आणि लाळवाला, यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच शस्त्रक्रिया निगुतीनं केली आणि 1893 मध्ये निष्कर्ष छापले. मांस खाल्लं की यातली बरीच कुत्री बिथरायची, अडखळायची, झटके येऊन बेशुद्ध पडायची. निरीक्षण खरं होतं. यकृत गाळणीसारखं काम करतं आणि मांसातून निघणारं काहीतरी, मुख्यतः अमोनिया, न गाळता मेंदूकडे गेलं तर माणूस काय, कुत्रंही भ्रमिष्ट होतं.

गंमत म्हणजे यानंतर लगेच बंदी आली नाही, उलट घडलं. न्यूयॉर्कमध्ये आर्थर पॅटेक आणि जोसेफ पोस्ट यांनी 1941 मध्ये सिरोसिसच्या रुग्णांना भरपूर खायला घालून पाहिलं : मांस, दूध, अंडी, वर यीस्ट. दिवसाला जवळजवळ 140 ग्रॅम प्रथिनं. त्यांचे रुग्ण आधीच्या काळातल्या रुग्णांपेक्षा जास्त जगले. आता तर्काच्या माणसाला इथे खटकतं. तुलना जुन्या रुग्णांशी होती, आणि नव्यांच्या वाट्याला चांगली देखभालही आली होती. पण भरल्या ताटानं सिरोसिसचे रुग्ण पटापट मरत नाहीत, एवढं तरी त्यातून दिसलं होतं. हे पुढे विसरलं गेलं.

विसरायला कारणही तसंच घडलं. 1952 मध्ये बॉस्टनला चार्ल्स डेव्हिडसन आणि त्यांचे सहकारी जलोदराचं पाणी कमी करण्यासाठी रुग्णांना एक औषधी राळ देत होते. तिच्यात अमोनियम होतं. काही रुग्ण गोंधळले, हात फडफडायला लागले. राळ थांबवली की ताळ्यावर आले. काहींच्या बाबतीत प्रथिनं वाढवली तरी तेच. दोन वर्षांनी लंडनमध्ये शीला शेरलॉक यांनी अशा रुग्णांचा बारकाईनं अभ्यास मांडला : सिरोसिसमध्ये शरीर स्वतःच वळणवाटा तयार करतं, म्हणजे एकची शस्त्रक्रिया निसर्गच करतो, आणि आतड्यातला विषारी नायट्रोजन मेंदूपर्यंत पोचतो. उपाय, प्रथिनं तोडा. शेरलॉक बाई म्हणजे या क्षेत्रातला अखेरचा शब्द. 1955 मध्ये आलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक जगभर वाचलं गेलं. त्या काळी हातात दुसरं फारसं काही नव्हतं. समोर माणूस बेशुद्धीत चालला आहे, तेव्हा बंदी हा शहाणपणाचाच निर्णय होता.

आपल्या परंपरेत याला आपद्धर्म म्हणतात. दुष्काळात जे चालतं ते सुकाळात चालत नाही. इथे झालं असं, की आपद्धर्माचा नित्यधर्म झाला. बेशुद्धीच्या चार दिवसांसाठी असलेला नियम डिस्चार्जच्या कागदावर उतरला आणि तिथून फडताळाच्या दारावर. 1966 मध्ये लॅक्ट्युलोजचा उपयोग पुढे आला, ते गोड पातळ औषध. त्यानं आतड्यातला अमोनिया कमी होतो. म्हणजे आणीबाणीला दुसरं शस्त्र मिळालं. बंदीचा फेरविचार तेव्हाच व्हायला हवा होता. 1977 मध्ये अमेरिकेत अगदी मोजक्या रुग्णांवर असंही दिसलं, की वनस्पतींमधली प्रथिनं मांसापेक्षा चांगली सोसतात. म्हणजे आमच्या घरात आधी बंद झाली ती डाळ, जी सर्वांत शेवटी बंद करायची!

आणि मुख्य गोष्ट तर वेगळीच निघाली. अमोनिया फक्त यकृतच आवरतं असं नाही, स्नायूही आवरतात. ते त्याचं ग्लुटामिन करून टाकतात. यकृत थकलं की हा दुसरा पहारेकरी कामाला येतो. प्रथिनं तोडली की स्नायू झिजतात, म्हणजे चोराच्या भीतीनं आपण पहारेकऱ्यालाच उपाशी ठेवलं.

याची थेट परीक्षा बार्सिलोनात झाली, 2004 मध्ये. कोर्दोबा आणि सहकाऱ्यांनी अशाच झटक्यानं दाखल झालेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला जुन्या पद्धतीनं सुरुवातीला प्रथिनं शून्य, मग हळूहळू वाढवत. दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून वजनाच्या दर किलोमागे 1.2 ग्रॅम. औषधं दोघांना. शुद्धीवर येण्यात फरक पडला नाही. बंदीच्या गटात शरीराची मोडतोड मात्र जास्त झाली. अभ्यास छोटा होता, पण पन्नास वर्षांची समजूत ढासळायला पुरला. आज युरोपातल्या तज्ज्ञ संस्था किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सांगतात. 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. अण्णांना त्याच्या चौथाईही मिळाली नसतील.

अजून एक गोष्ट, जी मला सर्वांत जास्त लागली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ऑलिव्हर ओवेन यांनी दाखवलं, की सिरोसिसचा रुग्ण एक रात्र उपाशी झोपला तर सकाळी त्याच्या शरीराची स्थिती निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासासारखी होते. यकृतात साखरेचा साठा राहत नाही, मग शरीर चरबी जाळतं, स्नायू तोडतं. ऑकलंडला 2008 मध्ये छापलेल्या अभ्यासात तोच पूरक आहार एका गटाला दिवसा, दुसऱ्याला रात्री दिला. वर्षभरात रात्रीच्या गटाच्या अंगी प्रथिनं वाढली, दिवसाच्या गटात नाही. म्हणून आता झोपण्यापूर्वी काहीतरी खा, बारा तासांहून जास्त पोट रिकामं ठेवू नका, असं सांगतात. आमच्याकडे काय होतं? अण्णा सातला जेवत, सकाळी नऊला न्याहारी. चौदा तास झाले. शिवाय संकष्टी, एकादशी, आणि आजार वाढल्यावर नवसाचा गुरुवार. सगळं श्रद्धेनं, प्रेमानं.

आता सगळंच पथ्य चूक होतं असं कुणी समजू नका. दारू पूर्ण बंद, यात बदल नाही. पोटात पाणी असेल तर मीठ आवरायचं, दिवसाला साधारण पाच ग्रॅमच्या आसपास. पापड, लोणचं, फरसाण बाजूला. तिथेही अति केलं आणि अन्न इतकं बेचव झालं की माणूस जेवेनासा झाला, तर तोटाच. आणि गोंधळ सुरू झाला तर घरी डाळ मोजत बसायचं नसतं, रुग्णालय गाठायचं.

वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत. हे व्याख्यान तयार करताना मी त्यांना हे सगळं सांगावं की नाही, यावर बरेच दिवस घातले. शेवटी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शेवटच्या महिन्यात त्यांनी दोनदा पिठलं मागितलं होतं, भावजी. एकदा मी दिलं."

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.