रस्त्यावरची छेडछाड आणि कायद्याची दीडशे वर्षे

मुली शिकण्यासाठी घराबाहेर पडू लागल्या, तसा रस्त्यावर होणाऱ्या त्रासाचा प्रश्नही उभा राहिला. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तेथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोक शेण आणि चिखल फेकत. शाळेत गेल्यावर बदलता यावे म्हणून त्या जादा लुगडे बरोबर नेत, असे त्यांच्याविषयीच्या आठवणी सांगतात. त्या छळामागे स्त्रीशिक्षणाला असलेला विरोध होता. पुढच्या काळात शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींना शिट्ट्या, शेरे, पाठलाग आणि गर्दीतले धक्के सोसावे लागले. त्यावरचे घरगुती उपाय ठरलेले असत: वाट बदलायची, मैत्रिणींच्या घोळक्यातून जायचे, भावाला सोबत न्यायचे आणि फारच झाले तर शिक्षण थांबवायचे. बंदोबस्त व्हायचा तो मुलीचाच.

भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये तयार झाली. तिच्या ३५४ व्या कलमात विनयभंगाच्या हेतूने केलेली बळजबरी हा गुन्हा ठरला. कलम ५०९ खाली स्त्रीच्या विनयाचा अपमान करणारे शब्द, आवाज आणि हावभाव आले, तर कलम २९४ सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृतींना आणि गाण्यांना लागू झाले. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातही रस्त्यावरच्या असभ्य वर्तनाविरुद्ध तरतूद होती. मात्र हेतू सिद्ध करावा लागे, साक्षीदार पुढे येत नसत आणि शिक्षाही सौम्य होती. ‘विनय’ म्हणजे काय, याची व्याख्या संहितेत नव्हती. इतक्या लहान मुलीला विनयाची जाणीवच नसते, असे म्हणून पंजाब उच्च न्यायालयाने एका तान्ह्या मुलीवरील अत्याचाराला कलम ३५४ लावले नव्हते. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निकाल फिरवला आणि वय कितीही कमी असले तरी कलम ३५४ चे संरक्षण मुलीला मिळते, हे स्पष्ट केले.

दुसरा मार्ग जागा वेगळ्या करण्याचा होता. मुंबईच्या लोकलमध्ये महिलांचे राखीव डबे होते. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण महिला लोकलही सुरू केली. प्रवासात त्याचा उपयोग झाला. स्टेशनापासून घरापर्यंतचा रस्ता मात्र होता तसाच राहिला.

तामिळनाडूने १९९८ मध्ये वेगळी दिशा धरली. चेन्नईत छेडछाडीच्या प्रकारात एका विद्यार्थिनीचा जीव गेल्यावर राज्याने आधी वटहुकूम काढला आणि मग स्वतंत्र कायदा केला. त्यात छेड काढणाऱ्याच्या शिक्षेबरोबर इतरांचे कर्तव्यही सांगितले होते. बसमध्ये असा प्रकार घडून तक्रार झाली, तर ड्रायव्हर-कंडक्टरने गाडी थेट जवळच्या पोलीस ठाण्यात न्यायची. शिक्षणसंस्था, थिएटर अशा ठिकाणच्या प्रमुखांवरही प्रतिबंधाची आणि कारवाईची जबाबदारी आली.

त्याच राज्यातल्या एका प्रकरणात आरोपीची नोकरी हाच वादाचा विषय झाला. १९९९ मध्ये तेनकाशीच्या बसस्थानकावर एका पोलीस कर्मचाऱ्याने एका महिलेशी गैरवर्तन केले. खात्याने चौकशी करून त्याला बडतर्फ केले. फौजदारी खटल्यात साक्षीदार उलटले आणि तो सुटला. त्या आधारावर उच्च न्यायालयाने बडतर्फीही रद्द केली. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. खटल्यातून सुटका झाली म्हणून खात्याची शिस्तभंगाची कारवाई आपोआप पुसली जात नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. याच निकालात न्यायालयाने सर्व राज्यांना निर्देश दिले: बसस्थानके, रेल्वे स्टेशने, थिएटर, बागा अशा ठिकाणी साध्या वेशातल्या महिला पोलीस नेमाव्यात, सीसीटीव्ही लावावेत, शहरांत महिलांसाठी हेल्पलाइन सुरू करावी. तक्रार येऊनही बस पोलीस ठाण्यात न नेल्यास परवाना रद्द व्हावा, असेही त्यात होते.

मुलींच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याने केला. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. अठरा वर्षांखालील मुलीला लैंगिक हेतूने उद्देशून केलेले शेरे, हावभाव आणि सततचा पाठलाग हे त्यात लैंगिक छळ ठरतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तिची ओळख उघड करता येत नाही. गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कंपनीच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे बांधकामावरचा कामगार, शाळेच्या बसचा क्लीनर किंवा सोसायटीचा वॉचमन यांच्या वागणुकीची तक्रार आली, की त्यांना कामावर ठेवणाऱ्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाला हात झटकता येत नाहीत.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये झालेल्या बलात्कारानंतर न्या. वर्मा समितीने शिफारशी केल्या आणि २०१३ मध्ये दंडसंहितेत लैंगिक छळ व पाठलाग यांसाठी स्वतंत्र कलमे आली. त्याच वर्षीच्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानुसार तक्रारदार स्त्री कोणत्याही वयाची असू शकते आणि ती तेथे नोकरीला असण्याची अट नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्यात लैंगिक छळ कलम ७५ मध्ये, पाठलाग ७८ मध्ये आणि शब्द-हावभावांनी केलेला अपमान ७९ मध्ये आहे.

कायदे वाढले तरी तक्रार करणे सोपे झालेले नाही. घरी कळले तर बाहेर जाणेच बंद होईल, या भीतीने अनेक मुली गप्प राहतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या अभ्यासावर लिहिलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या पुस्तकात या भीतीची आणखी एक बाजू मांडली आहे. स्त्रियांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून गरीब आणि अल्पसंख्याक पुरुषांना रस्त्यावरून हटवण्याची मागणी होते. त्यातून स्त्रियांचा वावर वाढत नाही. शहर मात्र सगळ्यांसाठीच आक्रसते. छेड काढणारे सर्व थरांतले असतात. म्हणून संशय सरसकट मजुरांच्या वस्तीवर जाऊन चालत नाही. तक्रार विशिष्ट कृत्याची आणि ते करणाऱ्याची असावी लागते. जागा, वेळ, गाडीचा नंबर किंवा ठेकेदाराचे नाव टिपून ठेवले, तर पोलिसांना आणि मालकालाही नेमकी कारवाई करता येते. त्यासाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक, मुलांसाठी १०९८ आणि मुंबईत महिलांसाठी १०३ या हेल्पलाइन आहेत.