तुळशीच्या कुळातलं दुर्मिळ झुडूप : लकेला मिंट

तुळशीचा कोवळा दांडा बोटांत फिरवून पाहिला तर तो गोल नाही, चौकोनी लागतो. पानं समोरासमोर येतात आणि चुरगळली की वास सुटतो. पुदिना, सब्जा यांचंही तसंच. याच कुळातलं एक दुर्मिळ झुडूप अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या पूर्व किनारपट्टीवर आहे. नाव लकेला मिंट, शास्त्रीय नाव डायसेरँड्रा इमॅक्युलाटा.

ओळख : झुडूप गुडघ्याच्या खालीच राहतं. पानांना पुदिन्यासारखा उग्र वास. पावसाळा सरता सरता फिकट जांभळी फुलं येतात. जवळच्या जातींच्या फुलांवर ठिपके असतात, याच्यावर नसतात. म्हणून 'इमॅक्युलाटा', म्हणजे बिनडागी. ओल्गा लकेला या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९६३ साली या जातीची नोंद केली. फुलातल्या परागकोशांना बारीक शिंगं असतात. मधमाशीचा धक्का शिंगाला लागला की पराग बाहेर पडतो.

कुठे आढळतं : समुद्राच्या जुन्या वाळूच्या टेकड्यांवर. इंडियन रिव्हर आणि सेंट लुसी या दोन काउंटींतला (तिकडचे जिल्हे) अरुंद पट्टा एवढंच त्याचं मूळ घर.

धोका कशाचा : ही जमीन उंच, पाणी न साचणारी. त्यामुळे घरांच्या प्लॉटिंगला तीच पसंत पडली. रेतीउपशानेही टेकड्या गेल्या. १९८५ मध्ये अमेरिकन सरकारने ही जात संकटग्रस्त म्हणून जाहीर केली.

नुसतं कुंपण घालून भागत नाही. या रोपाला ऊन आणि उघडी वाळू लागते. पूर्वी अधूनमधून वणवा लागून आजूबाजूचं रान मोकळं व्हायचं. आता वस्तीमुळे आग लागू देत नाहीत, मग मोठी झुडपं माजतात आणि सावलीत हे मरतं. म्हणून राखीव जागेत ठरवून, ताब्यात ठेवून जाळ करावा लागतो. आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तशीच जागा साफ होते. १९९० च्या दशकात दक्षिणेला होब साउंड अभयारण्यातही याची लागवड केली गेली.

कोकणच्या पुळणीवरची मर्यादवेल फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरही दिसते. तिचं बी समुद्रात तरंगत दूर जाऊन रुजतं. लकेला मिंटचं बी मात्र झाडाखालीच पडतं. टेकडी सपाट झाली की तिथलं रोप संपलं, दुसरीकडे जायची सोय त्याला नाही.