दाराचे कुलूप : अडकणे, उघडणे व दुरुस्ती

घराच्या दारात बसवलेले कुलूप निकामी झाल्यावर ते उघडण्याचे, काढण्याचे व पूर्ववत करण्याचे काम. मुंबईत कुलूपनिर्मितीचा कारखाना अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला सुरू केला. पुढे हे उत्पादन विक्रोळीत गेले (पहा : गोदरेज उद्योगसमूह).

कांदिवलीसारख्या उपनगरांतील सदनिकांत आतून बसवलेली नाइट लॅच व दाराच्या जाडीत खाचून बसवलेले मॉर्टिस कुलूप हे प्रकार सर्रास आढळतात. खटका तिरपा असल्याने वाऱ्याने दार आपटले की लॅच आपोआप लागते आणि चावी आतच राहते. याला बिघाड म्हणता येत नाही. खरा बिघाड बहुधा पावसाळ्यात होतो : लाकूड फुगते, खटका चौकटीतील खाचेशी जुळत नाही, खाऱ्या दमट हवेने स्प्रिंग व पिना गंजतात (पहा : गंज). दार ओढून धरल्यावर चावी फिरली, तर दोष कुलपात नसून चौकटीत असतो. चावी जोराने फिरवल्यास ती आतच तुटते.

पिनांच्या सिलिंडरला ग्रॅफाइटची भुकटी योग्य. खाद्यतेलाने धूळ चिकटते. मॉर्टिस काढताना दाराच्या कडेच्या पट्टीतील सिलिंडरचा लांब स्क्रू सोडवून, चावी किंचित तिरपी ठेवून सिलिंडर बाहेर ओढतात. अनेकदा तेवढा बदलल्याने काम भागते. बंद दार उघडणे चावीवाल्याचे काम (पहा : चावी), आत लहान मूल वा आजारी व्यक्ती अडकल्यास अग्निशमन दलाला १०१ वर कळवतात.